बाबांच्या वहीतला निरोप

स्टेट कॉलेज, १२ नोव्हेंबर

ती. आईस आश्लेषाचा नमस्कार.

सवयीनं वर 'सौ.' लिहून गेले होते, ते खोडलंय. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

आज वर्गात मी बाबांच्या त्या जर्मन नाटककाराबद्दल बोलले. त्यानं जुन्या राजांवर अकरा नाटकं लिहिली, पण जिवंतपणी एकही रंगमंचावर आलं नाही. त्यातलं एक बाबांनी नऊ वर्षं खपून मराठीत आणलं आणि तेही कुठल्याच नाट्यसंस्थेनं घेतलं नाही, हेही सांगितलं. तेव्हा सर म्हणाले, "मग आज तू वाच."

तू पाठवलेली बाबांची वही उघडली. म्हातारा राजा लेकीला निरोप देतो, तो प्रवेश वाचायला घेतला. "जा पोरी, मागे वळून बघू नकोस," इथे मी वाचायची थांबले. परत इकडे यायला व्हिसा मिळणार नाही या भीतीनं मी बाबांच्या शेवटच्या दिवसांत घरी आले नाही. तू त्यावरून मला एकदाही बोलली नाहीस. एकदा रागाव ना गं माझ्यावर.

मराठी कुणालाच कळत नव्हतं, तरी सगळे माझ्यासाठी थांबले. मग मी प्रवेश पुरा केला.

बाबांचं नाटक लोकांसमोर आलं, आई. आठजण होते.

तुझी,
आश्लेषा