लिनसाहेबांची सहा विशेषणं

फैजपूर, मंगळवार, १७ जानेवारी १९८९

तैवानहून केळी बघायला आलेले, आमच्याकडे उतरलेले लिनसाहेब चहापासून म्हशीपर्यंत सगळ्याला ‘व्हेरी गुड’ म्हणतात. माझ्यातली इंग्रजीची बाई गप्प बसेना. काल मन मोहून टाकणाऱ्या गोष्टींसाठी सहा विशेषणं पाठ करून घेतली. शिकवलं चांगलंच, त्यात शंका नाही. कुठे वापरायची नाहीत, ते सांगायचं राहिलं.

आज मळ्यात सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, सगळ्यात भरलेल्या घडासमोर त्यांनी सहाही म्हणून टाकली. चार्मिंग, फॅसिनेटिंग, एन्चांटिंग... मोठ्यानं! उभ्या पिकाचं कौतुक, तेही आबांसमोर!

“काय म्हनते पाव्हना?” आबांनी विचारलं.

“केळीचं वाण विचारताहेत.” का खोटं बोलले मी?

“वान इचारताना डोये एवढे मोठे होतात का?” म्हणत आबांनी पायातली झिजकी चप्पल काढली आणि दृष्ट लागू नये म्हणून त्या घडाला टांगली. बाकीच्या घडांना काही नाही.

ती चप्पल अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

लिनसाहेबांनी वही उघडली. हे काय, म्हणून विचारलं.

“सातवं विशेषण,” मी ठासून सांगितलं. “सगळ्यात मोठं.”

आबा एका पायानं अनवाणी घरी आले. पण खुशीत.