हिरवं बूच

३ तारीख, सोमवार
नोकरी लागली! आठवीत दोनदा बसलेला माणूस आजपासून संशोधनात. वशिला ताईचा. ती इथे वरच्या वॉर्डात नर्स, मी खाली तळघरातल्या लॅबमध्ये. काम सोपं. वॉर्डातून रक्ताच्या नळ्या खाली आणायच्या आणि वापरलेल्या धुवायच्या. आजाऱ्याच्या नळीला लाल बूच, निरोगी माणसाच्या नळीला हिरवं. दोन्हींत एकच रसायन टाकतात. लाल बुचाची नळी गढूळ होते, हिरव्याची काचेसारखी राहते. आणि हिरव्या बुचाचं रक्त माझंच घेणार! म्हणजे आख्ख्या इमारतीत सरकारमान्य धडधाकट मी एकटा.

ही वही ताईनेच दिली. म्हणाली, रोज थोडं लिहीत जा, अक्षर आहे की कोंबडी नाचलीय, जरा सुधारेल. आई गेल्यापासून माझं नाक पुसण्यापासून सगळं तिनेच केलंय. तिला नाही कोण म्हणणार?

६ तारीख, गुरुवार
नळ्या तपासणारी मशीनवाली बाई दिवसभर थंड खोलीत असते. तिचं नाव मी गारठाबाई ठेवलंय. काल रबरी हातमोजा पाण्याने भरून तिच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेवला. आज तिने दार उघडलं तर थेट शेकहँड! आधी किंचाळली, मग म्हणाली, "मेल्या, हार्ट बंद पाडशील माझं." पण हसली.

दुपारी वर दाजींकडे. ताईचा नवरा आपला खिडकीजवळच्या खाटेवर पडून. हा आजार करंगळीपासून सुरू होतो म्हणे. करंगळी बधिर, मग हात, मग जीभ. नवं औषध निघालंय, पण मोठे डॉक्टर इतक्यात कुणाला देत नाहीत. ताई त्यांच्या शर्टाची बटणं लावत होती. मी म्हटलं, दाजी, ऐश आहे बुवा तुमची. ते डोळ्यांनी हसले. तेवढंच उरलंय.

जाताना ताईने मला सुई टोचली. इथे सगळ्यांना दर आठवड्याला घ्यावी लागते, लागण होऊ नये म्हणून.

१७ तारीख, सोमवार
झाडूवाल्या काकांना विचारलं, तुम्हाला पण सुई दुखते का हो? ते म्हणाले, कसली सुई रे बाबा? गारठाबाईला विचारलं तर ती ऐकू न आल्यासारखी हातमोजे बदलत बसली. ताई म्हणाली, तू नवा ना, म्हणून फक्त तुला. पटलं. ताईचं मला सगळं पटतं.

२६ तारीख, बुधवार
आज मोठी गंमत करायची ठरवली. नळ्यांवर नाव नसतं, सगळी मदार बुचावर. माझ्या नळीचं हिरवं बूच दाजींच्या नळीला लावलं, त्यांचं लाल माझ्या नळीला. आणि कपाटामागे उभा राहिलो, गारठाबाईची तारांबळ बघायला.

हिरव्या बुचाची नळी गढूळ झाली. म्हटलं, आता मशीन बिघडलं म्हणून बोंब मारणार. तर तिने मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. "सर, हिरवी गढुळली. पोराला लागला आजार."

डॉक्टर धावत आले. खूश. पाठोपाठ ताई. मी बाहेर येऊन सांगणारच होतो, अहो फसलात, ते रक्त दाजींचं आहे! तेवढ्यात ताई म्हणाली, "सर, आता तरी ह्यांना औषध सुरू कराल ना? आपलं ठरलं होतं तसं?"

मग मी लाल बुचाच्या नळीकडे बघितलं. माझ्या.
ती पण गढूळ.

२७ तारीख, गुरुवार
ताईला विचारलं, सुईत काय होतं. दाजींच्या रक्तातून काढलेलं, म्हणाली. मी हसलो. वाटलं ती पण हसेल, म्हणेल कसा फसवला. नाही हसली. डॉक्टरांना म्हणे पहिल्या दिवसापासून आजार बघायचा होता, त्यासाठी धडधाकट माणूस हवा होता. परकं कोण तयार झालं असतं? तू मला कशालाच नाही म्हणत नाहीस, म्हणाली.

खाली आलो तर बाहेरच्या दाराला कुलूप. वर माझी खाट दाजींच्या शेजारी टाकलीय.

२९ तारीख, शनिवार
करंगळी. स्वतःच चिमटा काढला. दुसऱ्या कुणाचं तरी बोट असल्यासारखी—

१ तारीख, सोमवार
जागा झालो तर ताईच्या मांडीवर ही वही. डॉक्टर पट्टी लावून माझी अक्षरं मोजत होते. शनिवारपासून वळण तुटतंय, म्हणाले. ताईने मान हलवली.
वही पण त्यांचीच.
अक्षर सुधारेल म्हणाली होती—

४ तारीख, गुरुवार
शर्टाचं बटण लागेना. ताई आली, लावलं. शाळेत जाताना लावायची तसंच, खालून वर.
दाजी आज "पाणी" म्हणाले. स्पष्ट. ती रडली, आनंदाने. माझ्याकडे पाठ करून.

५ तारीख, शुक्रवार
आज डाव्या हाताने लिहितोय. मोजा म्हणावं आता. बसा डोकं खाजवत—
ताई शेजारी आहे. म्हणते, लिही ना सोन्या, अजून एकच ओळ.
लिहितो. तुला कधी नाही म्हटलंय—
डावी करंगळी कागदाला टेकलीय की नाही, कळत ना