अरविंदच्या गाडीचे टायर

कॅल्गरी,
सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी

कै. अरविंद यास,

हेमचंद्राचा सप्रेम नमस्कार. (नावाआधी 'कै.' लिहिताना पेन अडखळलं. पण 'चिरंजीव' लिहिलं असतं तर तूच हसला असतास.) इकडे सर्व क्षेम. तुझ्या तब्येतीची चौकशी करायची सोय तू ठेवली नाहीस, तरी रीत म्हणून विचारतो, कसा आहेस? शुगर आता ताब्यात असेल. प्रमिलावहिनी बऱ्या आहेत. तिकडे लांब वॉन गावी तुझ्या शौनककडे राहायला गेल्यात, नातवाला शुभंकरोति शिकवतात आणि तो 'आजी, आय नो!' म्हणून पळून जातो. हे पत्र पोस्टात टाकत नाही, तुझा पिनकोड त्यांना कुठून ठाऊक असणार? तुझ्याच गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवतोय. अलीकडच्या अनुभवावरून तिथे ते तुला नक्की मिळेल.

लिहायचं निमित्त तुझ्या गाडीचे टायर. मुळात ती गाडी माझ्या गळ्यात पडली कशी, ते तुला आठवतं का? फेब्रुवारीत गेलास. जायला दुसरा महिना मिळाला नाही! दहाव्याला तुझ्या डेकवर, हाडं फोडणाऱ्या थंडीत, आम्ही पिंड ठेवून उभे. कावळे हिवाळ्यात कॅल्गरी सोडून जातात, म्हणून गुरुजींनी मॅगपायला मान्यता दिली. (काळापांढरा असला तरी कावळ्याच्याच कुळातला आहे, चालेल, म्हणाले.) एक मॅगपाय आला, कुंपणावर बसला आणि काही केल्या शिवेना. शौनक म्हणाला, "बाबा, आय विल टेक केअर ऑफ आई." ढिम्म. वहिनींनी काय काय कबूल केलं, तरी ढिम्म. भाताचा दगड झाला, माझ्या मिशांचा बर्फ झाला. शेवटी वैतागून मी ओरडलो, "अरे बाबा, तुझी गाडी मी चालवीन, कुणाला विकू देणार नाही, पण खा एकदाचं!" त्या पक्ष्याने अशी झडप घातली की गुरुजी दोन पावलं मागे सरकले. वहिनींनी तिथल्या तिथे गाडीच्या किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या. सगळे रडत होते आणि मला मात्र तो पक्षी मान वाकडी करून माझ्याकडेच बघतोय असं वाटत होतं.

तर टायर. तू गेलास तेव्हा गाडीला विंटर टायर होते. ते मऊ रबराचे, वसंतात काढून ठेवायचे, नाहीतर तापलेल्या रस्त्यावर खोडरबरासारखे झिजतात, हे तूच सगळ्या कॅल्गरीला शिकवायचास. पण काढणार कसे? प्रत्येक चाकाला तू एकेक कुलूपवाला नट बसवलेला, त्याला वेगळ्या नक्षीची चावी लागते आणि ती कुठे ठेवलीस ते बायकोलाही सांगितलं नाहीस. (तुझे टायर चोरणार होतं कोण, गाढवा?) आम्ही बेसमेंट उलथापालथा केला, हत्यारांची पेटी उपसली, वहिनींनी तर मिसळणाचा डबासुद्धा चाळला. चावी नाही. सगळा उन्हाळा मी विंटर टायरवर काढला.

आता नीट ऐक. एप्रिलपासून गाडी टिंगटिंग करायला लागली. शेजारच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं की करते ना, तसं. सीट रिकामी. मी म्हटलं, सेन्सरमध्ये ओल गेली असेल. (इंजिनिअर माणूस आधी ओलीवर खापर फोडतो.) आवाज थांबेना, तेव्हा रिकाम्या सीटचा पट्टा मीच लावून टाकला. लगेच गप्प. मग ती सवयच झाली, आधी तुझा पट्टा, मग माझा. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईने एकदा तो पट्टा पाहिला, मग मला पाहिलं आणि हळूच काच वर केली. नंतर गाडी उजवीकडे ओढायला लागली. डीअरफूट हायवेवरून नदीच्या पुलाकडे निघालं की स्टिअरिंग आपलं आपण उजवीकडे जायचं, तिकडे, जिथे कठड्याखाली बो नदीचं काळं पाणी दिसतं. दोन्ही हातांनी धरून ठेवायला लागायचं. घरी येईपर्यंत मनगटं दुखायची.

शेवटी गॅरेजमध्ये नेली. सरदारजींनी चारी टायरांवरून हात फिरवला आणि विचारलं, "अंकल, आपके साथ रोज़ कौन बैठता है? वज़नदार आदमी है?" मी म्हटलं, कोई नहीं. उजव्या बाजूचे टायर जास्त झिजलेत, म्हणाले. मग त्यांनी काचेतून आत पाहिलं. रिकामी सीट, वर लावलेला पट्टा. चाकांची अलाइनमेंट, हवा वगैरे पुटपुटत त्यांनी तो नट फोडायला घेतला. इंजिन बंद, किल्ल्या माझ्या खिशात, तुझा पट्टा लावलेलाच, मी बाहेर उभा. पहिला घाव बसला आणि आतून आवाज आला. टिंग. दुसरा घाव. टिंग. सरदारजींनी हातोडा खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "अंकल, आज नहीं."

आता मी स्पष्टच विचारतो, लेका. तू मला न्यायला आलायस का? वर पत्त्यांना भिडू कमी पडतोय का? या आठवड्यात बर्फ सांगितलाय. टायर माझ्या टकलासारखे गुळगुळीत, तो पूल आणि तुझी ती ओढ, एकदा चाक घसरलं की संपलं. मला अजून यायचं नाही. लेक ईशिता नाताळात येणार आहे, तिला अनारसे शिकवायचं कबूल केलंय. (हो, मी. तिची आई गेल्यापासून मीच करतो, जाळीसुद्धा पडते.) तेव्हा हात जोडून सांगतो, चावी कुठे आहे ते दाखव आणि माझ्या गाडीतून खाली उतर.

लोभ आहेच. तो वाढवू नकोस, आहे तेवढा पुरे.

तुझा,
हेमचंद्र

ता. क. आज सर्वपित्री. देवळातून येताना पुलाआधी पुन्हा ओढ लागली. थकलो होतो, म्हटलं, ने बाबा कुठे न्यायचं तिथे, आणि हात सैल सोडले. गाडी पुलावर गेलीच नाही! त्याच्या अलीकडच्या एक्झिटने खाली उतरली आणि सरळ त्या कॉफीच्या दुकानासमोर गेली, जिथे वहिनींना चोरून तू डोनट खायचास. मला वाटलं नदी, आणि तुला हवा होता डोनट! घेतला आणि तुझ्या सीटवर ठेवला. तो घरंगळून फटीत गेला, काढायला हात घातला, तर सीटखाली त्याच दुकानाच्या कागदी रुमालात गुंडाळलेली नटाची चावी. सरदारजी म्हणतात, ती सेन्सरच्या वायरवर दाबली जात होती, म्हणून टिंगटिंग. मग एप्रिलच्या आधी का नाही, आणि इंजिन बंद असताना कशी, तो विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही.

ता. क. २. नवे टायर बसले, अलाइनमेंट झाली. काल बर्फ पडला. गाडी पुलावरून नाकासमोर गेली, हूं की चूं नाही. पट्टा लावायचं काम नाही, स्टिअरिंग धरायचं काम नाही. चावी मिळाली आणि तू गेलास. कामापुरता मामा!

ता. क. ३. अरविंदा, चावी पुन्हा त्याच रुमालात गुंडाळून तिथेच ठेवली. वायरवर नीट दाबूनसुद्धा पाहिली. काही नाही. त्या दुकानापाशी बराच वेळ थांबलो, दोन डोनट घेतले, दोन्ही मलाच खावे लागले. घरात बोलायला कुणी नाही आणि आता गाडीतही नाही. 'उतर' म्हणालो ते मागे घेतो. पट्टा मी लावून ठेवलाय, तू नुसता येऊन बस. फक्त उजवीकडे फार ओढू नकोस, टायर नवे आहेत.