पास्तोरचे मागचे पाय

प्रिय योरिस,

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. उत्तर फोनवरही देता आलं असतं, पण फोनवर तू घाईत असतोस आणि मी गडबडते, मग दोघंही हवापाण्याचं बोलून फोन ठेवून देतो. म्हणून लिहायला बसले आहे. तुझ्या मुख्य प्रश्नाकडे मी शेवटी येणार आहे. मधली पानं ओलांडून तिकडे उडी मारू नकोस, लहानपणी गोष्टीच्या पुस्तकाचं करायचास तसं. पत्राच्या तळाशी तू सहज विचारलं होतंस, 'आणि तो म्हातारा पास्तोर अजून आहे का?' तर आधी त्याचं सांगते. तू पत्र टाकलंस त्या दिवशी होता. आज नाही. गेल्या मंगळवारी गेला.

सशाला ते नाव तूच ठेवलं होतंस. काळाकुळकुळीत, गळ्याखाली तेवढा पांढरा पट्टा, आणि खाऊन झालं की आपल्या चर्चच्या म्हाताऱ्या पास्तोरसारखा पोट पुढे टाकून बसायचा. त्या पांढऱ्या पट्ट्यामुळेच प्रदर्शनवाल्याने त्याला बाद केलं होतं आणि तू तो लीसलोटसाठी उचलून आणलास, लग्नाच्या पहिल्या वर्षी. माझे वडील असते तर त्यांनीही बादच केला असता. त्यांच्याकडे याच दांडग्या जातीचे चौदा ससे होते हे तुला ठाऊक आहे, चुलीवरच्या भिंतीवरची त्यांची पदकं तू पाहिली आहेस. जे ससे पदक मिळवत नसत त्यांचं काय व्हायचं हे मी तुला कधी फारसं सांगितलं नाही. मी नऊ वर्षांची होते तेव्हापासून मागचे पाय धरण्याचं काम माझं. वडील कानामागे एकच फटका मारायचे. रविवारी काळ्या बिअरमध्ये आणि सुकवलेल्या आलुबुखारात शिजलेला ससा टेबलावर यायचा आणि मी चवीने खायचे, खोटं कशाला बोलू. त्यामुळे सशाचे पाय गेले म्हणजे पुढे काय करायचं, याबद्दल माझ्या मनात कधी प्रश्नच नव्हता.

तू लीसलोटला सोडून नातालीकडे गेलास तेव्हा मला वाटलं, लीसलोट महिनाभरात तिच्या माहेरी, समुद्राकडे निघून जाईल. खरं सांगायचं तर मी वाट पाहत होते. तिचं आणि माझं कधी जमलं नाही. जेवताना बोलायची नाही, बटाटे मिठाशिवाय उकडायची, आणि तिच्या त्या समुद्राकडच्या बोलीतले अर्धे शब्द मला कळायचे नाहीत. पण ती गेली नाही. रोज सकाळी सायकल काढून अझेलियाची फुलझाडं वाढवणाऱ्या काचघरात कामाला जायची, संध्याकाळी यायची, मागच्या शेडमध्ये पास्तोरला गवत घालायची आणि वर जायची. एकदा मी विचारलंच, 'पुढचं काय ठरवलंयस?' ती म्हणाली, 'पास्तोर आहे तोवर राहू द्या, गोडेलीव. या वयात त्याला जागा बदललेली सोसायची नाही.' मी हिशेब केला, सात वर्षांचा ससा, या जातीला तेवढं म्हणजे खूप झालं. म्हटलं, राहा.

त्याच हिवाळ्यात त्याचे मागचे पाय घसरायला लागले. उडी मारायला जायचा आणि मागचं अंग तिथेच राहायचं. लीसलोटने त्याला उचलून स्वयंपाकघरात आणलं, मला न विचारता. मी म्हटलं, 'माझ्या स्वयंपाकघरात ससा फक्त एकाच वाटेने येतो.' ती म्हणाली, 'माहीत आहे. म्हणूनच पातेली वरच्या फळीवर ठेवली आहेत.' ही लीसलोट मला तोपर्यंत ठाऊकच नव्हती. जनावरांच्या डॉक्टरांना तिने घरी बोलावलं. त्यांनी पाठीचा कणा चाचपला, पाय ताणून पाहिले आणि सांगितलं, सांधे झिजलेत, मणके जवळजवळ चिकटलेत, हे बरं होणारं दुखणं नाही. 'विचार करा,' म्हणाले. तिने विचारलं, 'दुखणं थांबवता येईल?' 'बऱ्यापैकी.' 'मग बाकीचं मी करते.'

बाकीचं म्हणजे काय हे मी पुढची दोन वर्षं पाहिलं. फरशीवर पाय ठरत नाहीत म्हणून माझ्या शिवणाच्या खोलीतले जुने गालिचे कापून तिने चुलीपासून खिडकीपर्यंत अंथरले. त्याच्या शी-शूच्या परातीची पुढची कड कापून खाली केली, म्हणजे त्याला पाय न उचलता आत सरकता यावं. सकाळ-संध्याकाळ दुखण्याचं औषध, सुई नसलेल्या सिरिंजमधून, गालाच्या कडेने. सशाला स्वतःचं मागचं अंग साफ करावं लागतं, आणि याला तर वळताच येईना, मूत लागून पोटाखालची कातडी लाल व्हायची. मग कोमट पाण्याचा टब, मऊ फडकं आणि केस वाळवायचं यंत्र, हळू झोतावर, वीस-वीस मिनिटं. टाचांना घट्टे पडू नयेत म्हणून दर थोड्या वेळाने कूस बदलायची. दर रविवारी ती त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभी राहायची, मग त्याच्याशिवाय, आणि वजाबाकी करायची. एकदा मी म्हटलं, 'तो आहे तेवढाच आहे, तूच वाळत चालली आहेस.' हसली. शेजारच्या गास्टोनने बाबागाडीची चाकं लावून त्याच्यासाठी एक गाडा बनवला होता. पास्तोर त्यात असा बसला की जणू कुणीतरी त्याचा अपमान केलाय, आणि पट्टा कुरतडून मोकळा झाला. लीसलोटने गास्टोनचे मनापासून आभार मानले आणि गाडा माळ्यावर टाकला. म्हणाली, 'त्याला पायांचं दुःख नाही, गोडेलीव. ते त्याने केव्हाच सोडून दिलं. घाण लागली की मात्र त्याला दुःख होतं.'

मी हे सगळं खुर्चीत बसून पाहायचे आणि टोमणे मारायचे. हात लावला नाही. मग गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका सकाळी लीसलोट कामाला गेल्यावर पाहिलं, तर पास्तोर कोपऱ्यात गोळा होऊन बसलेला, दात करकर वाजवत. समोर शिकोरीचा पाला तसाच. परातीत एकही लेंडी नाही. पोट थांबलं की ससा दिवसाभरात जातो, हे वडिलांच्या सशांमुळे मला माहीत होतं. आमच्याकडे तशा वेळी एकच इलाज असायचा. मी काचघरात फोन केला. लीसलोट म्हणाली, 'फुलांचा ट्रक भरतोय, तासभर तरी निघता येणार नाही. तुम्ही करू शकाल?' मी म्हटलं, 'मला जमणार नाही.' ती म्हणाली, 'जमेल. टेबलावर टॉवेल पसरा. मी सांगते तसं करत जा.'

फोन कानाशी खांद्याने दाबून धरला आणि मी त्याला उचललं. उजवा हात मागच्या पायांखाली गेला, अंगठा घोट्याच्या वर, बोटं खाली. योरिस, साठ वर्षांत मी ससा धरला नव्हता, पण हाताला सगळं आठवत होतं. पकड अगदी तीच. पास्तोर हलला नाही. ते पाय काडीसारखे झाले होते आणि त्यांत काहीच जोर नव्हता, त्याने नुसतं डोकं माझ्या कोपरात खुपसलं. मी त्याला तसाच घेऊन खुर्चीत बसले. फोनमधून लीसलोट म्हणत होती, 'आहात ना? आता पोटावर हळूहळू गोल हात फिरवा.' मी फिरवला. गवताच्या भुकटीची पेज कालवली आणि सिरिंजने थेंब थेंब भरवली. निम्मी माझ्या एप्रनवर गेली. ती धापा टाकत आली तेव्हा मी तशीच बसले होते. डॉक्टर येऊन पोट सुरू करायचं औषध टोचून गेले. मग दर दोन तासांनी पेज, दर तासाला पोट चोळणं, आळीपाळीने. दुसऱ्या दिवशी दुपारी परातीत चार बारीक, कडक लेंड्या दिसल्या. आम्ही दोघी परातीवर वाकून पाहत राहिलो. मग उभ्या उभ्याच ब्रेड आणि चीज खाल्लं, कारण आदल्या दिवसापासून कुणी जेवलंच नव्हतं. त्या दिवसापासून संध्याकाळचं औषध माझ्याकडे आलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. तुझे बाबा अर्धांगवायूने पडले तेव्हा शेवटचे सहा महिने त्यांचं सगळं नर्स करते, असं मी तुला सांगत आले. तू रविवारी वरून त्यांना भेटायला खाली यायचास, ते स्वच्छ दाढी केलेले, धुतलेल्या सदऱ्यात दिसायचे, आणि तू मला म्हणायचास, 'आई, तू कमाल आहेस.' नर्स आठवड्यातून दोनदा यायची. उरलेले पाच दिवस त्यांना लीसलोट धुवायची. मला ते जमलं नाही. त्रेचाळीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्या माणसाला तशा अवस्थेत पाहणं मला झेपेना, मी खोलीच्या दारातून परत फिरायचे. तिने एकदाही मला त्याबद्दल विचारलं नाही. कामाला जायच्या आधी आणि आल्यावर कोमट पाणी घेऊन आत जायची आणि दार लावून घ्यायची. तुझी शाबासकी मी घेतली. आणि ती तुझी बायको होती, वरच्या मजल्यावर तुझ्यासोबतच राहत होती, तरी तुलाही ते कळलं नाही, कारण तू उशिरा घरी यायचास. का यायचास ते आता आपल्या दोघांनाही माहीत आहे. तिने तुला सांगितलं नाही, कारण मीच सांगू नकोस म्हटलं होतं. मला वाटतं, मला ती आवडायची नाही त्याचं मुख्य कारण हेच असावं. जिला आपलं काम करताना पाहिलं, तिच्या समोर बसून रोज जेवणं सोपं नसतं.

पास्तोरच्या शेवटाबद्दल तिने आधीच ठरवलं होतं. 'पार्सली पुढे केली आणि दोन दिवस तोंड फिरवलं, की मी त्याला ओढत ठेवणार नाही,' असं म्हणायची. मला वाटायचं, बोलायला सोपं आहे, वेळ आली की हिला धीर होणार नाही. मागच्या रविवारी त्याने तोंड फिरवलं. सोमवारीही. मंगळवारी सकाळी तिने त्याला आंघोळ घातली, वाळवला, डॉक्टरांना बोलावलं आणि खिडकीजवळच्या गालिच्यावर मांडीवर घेऊन बसली. डॉक्टर म्हणाले, 'माझ्या चाळीस वर्षांत इतका स्वच्छ पांगळा ससा मी पाहिला नाही.' ती म्हणाली, 'त्याला तसंच आवडायचं.' एवढंच. रडली नंतर, काचघरातून आल्यावर, जोडे न काढता जिन्यावर बसून.

आणि बुधवारी ती रिकामी खोकी घेऊन आली. म्हणाली, 'पास्तोर आहे तोवर, असं ठरलं होतं आपलं.' तुझ्या पत्राबद्दल तिला काहीही माहीत नव्हतं. आता तुझा प्रश्न. तू लिहिलंस की नातालीला सातवा महिना आहे, अँटवर्पची जागा तिघांना पुरणार नाही, वरचा मजला तुझा आहे, तेव्हा ईस्टरच्या आत लीसलोटला जायला सांग. बाळाचं वाचून मी पत्र छातीशी धरून बसले होते, हे तुला कळावं. या घरात पुन्हा लहान मूल रांगावं अशी माझी किती इच्छा आहे हे सांगून तुला मऊ करायचं नाही मला. पण तिला जायला मी सांगणार नाही. खोकी मी माळ्यावर नेऊन टाकायला लावली आणि शुक्रवारी नोटरीकडे जाऊन आले. लीसलोटला हवं तोवर वरच्या मजल्यावर राहता यावं, असा कागद करायचा आहे. घर पुढे तुझंच, त्याला धक्का नाही. नोटरी म्हणाले, मी जिवंत आहे तोवर माझा शब्द चालेल, पण बाबांचा हिस्सा तुझ्या नावावर आहे, म्हणून माझ्यानंतरही तिला राहता यायचं असेल तर तुझी सही लागेल. कागद या पत्रासोबत ठेवला आहे, तिसऱ्या पानावर खाली तुझ्या नावापुढे जागा रिकामी आहे. सही मागण्याआधी, ती कुणासाठी मागते आहे ते तुला माहीत असावं, म्हणून एवढं लिहिलं. लीसलोटला काल सांगितलं. ती म्हणाली, 'योरिस चिडेल.' मी म्हटलं, 'चिडू दे, तो माझा मुलगा आहे, मी बघते.' सही केलीस तर टपालाने पाठवू नकोस, येत्या रविवारी जेवायला ये आणि हातात दे. नातालीला घेऊन ये. नाही केलीस तरी ये, पण मग लीसलोटच्या समोर बसून का नाही, ते तू स्वतः तिला सांग.

तुझीच,
आई