होकारांची वही

कॉव्हेंट्री
६ जानेवारी २०२४

चि. सौ. अरुणास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र नाताळच्या टपालात अडकून काल पोचलं. तुझ्या कानांनी असहकार पुकारला आणि आपली पत्रं पुन्हा सुरू झाली, तेवढे एक उपकार त्यांचे.

तुझ्या भाऊजींना केअर होममध्ये ठेवून उद्या सहा आठवडे होतील. कसं झालं ते आजवर तुला लिहिलं नाही, कारण लाज वाटत होती. स्ट्रोकनंतर त्यांच्याजवळ एकच शब्द उरलाय, 'अ‍ॅब्सोल्यूटली'. चौतीस वर्षं इथल्या इस्पितळात पेशंटना धीर देताना वापरलेला. मराठी गेली, माझं नाव गेलं, हा तेवढा राहिला. चहा हवा असला तरी अ‍ॅब्सोल्यूटली, नको असला तरी तेच. वॉर्डातल्या मीटिंगमध्ये सोशल वर्करने विचारलं, होममध्ये राहायला आवडेल का. त्यांनी तेच उत्तर दिलं. मग ती बाई मला समजावत बसली, आणि मी प्रत्येक वाक्याला 'येस, येस, ऑफ कोर्स' करत राहिले. लक्ष आहे हे तिला कळावं म्हणून गं! समोरचं माणूस बोलत असताना आपण ठोंब्यासारखं बसतो का? तिने ती माझी संमती म्हणून लिहून घेतली. माझ्या लक्षात येईपर्यंत त्यांची बॅग भरून झाली होती. होममध्ये कधी ठेवणार नाही असा शब्द मी त्यांना दिला होता, अरुणा. ते धडधाकट असताना, आपल्या स्वयंपाकघरात.

तिथे मारिविक नावाची फिलिपिनो मुलगी त्यांचं सगळं करते. मॅनेजरची तक्रार अशी की ही सगळ्याला नुसतं 'येस मॅम' म्हणते, त्यात जीव नसतो. म्हणून मी तिला होकारांची एक वही करून दिली आहे. 'फेअर इनफ' म्हणजे पटलं नाही, पण ऐकून घेतलं. 'आय सपोज सो' म्हणजे मनातून नाही, पण भांडायचं नाही. 'क्वाइट' म्हणजे मान्य, आता विषय पुरे. समोर ती तिच्या भाषेतलं लिहिते. त्यांच्यात नुसता हो म्हणजे 'ओओ', पण वडीलधाऱ्यांना 'ओपो'च म्हणायचं. 'सिगे' म्हणजे आपलं बरं, चालेल. 'ओओ न्गा' म्हणजे हो ना! तिला म्हटलं, तुझी आई आणि माझी आई एकाच शाळेतल्या दिसतात.

रोज संध्याकाळी पाचला हे खुंटीकडे हात करतात, कोट घालून घेतात आणि दाराकडे तोंड करून बसतात. जेवायला उठत नाहीत. हे मारिविकनेच मला सांगितलं, आता मीही जाऊन बघते. घरी जायचं ना, असं विचारलं की कोटाचं बटण मुठीत धरून अ‍ॅब्सोल्यूटली म्हणतात. तेवढं एक खरं असतं.

वीस फेब्रुवारीला आढावा मीटिंग आहे. दिवसातून चार वेळा मदतनीस मिळाले तर त्यांना घरी आणता येईल. मिहीर रविवारी रीडिंग गावाहून येतो आणि म्हणतो, आई, तू एकटी कसा करणार? मुलाच्या व्याकरणाला हसू की रडू ते कळत नाही. प्रकृतीला जप.

तुझी,
ताई


मिरज
२५ जानेवारी २०२४

ती. स्व. सौ. ताईस,
धाकटीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. आधी रडले, मग तुझा राग आला. तुझ्या लग्नाआधीची साडीखरेदी आठवते का? दुकानदार पदर उलगडत बोलत राहिला, तू 'हो का, वा, छान' करत राहिलीस, आणि त्याने तीन साड्या बांधून हातात दिल्या. आईने त्या परत करायला मला पाठवलं होतं. आता मी यायला नाही, आणि परत आणायचं ते माणूस आहे.

एका कागदावर मोठ्या अक्षरांत 'नो' लिहून समोर ठेव. ती बाई बोलत असताना तोंड मिटून बस, उद्धट दिसलीस तरी चालेल. आणि त्या मारिविकला बोलू दे. रोजचं ती बघते, तिच्या साक्षीला वजन येईल. तुझ्या त्या वहीत नकाराचं एखादं पान आहे की नाही गं?

माया आहेच, ती वाढत राहो.

तुझी,
अरुणा


कॉव्हेंट्री
२४ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. अरुणास,
अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. कागद समोर ठेवला. तोंड इतकं घट्ट मिटलं की सोशल वर्करने मला पाणी हवंय का विचारलं. मग मी स्पष्ट म्हटलं की मला मान्य नाही, मी तेव्हाही हो म्हटलं नव्हतं, मला यांना घरी न्यायचंय.

त्यांनी यांना विचारलं, इथे बरं वाटतं ना? आले ते अ‍ॅब्सोल्यूटली. मी सांगितलं की चहात मीठ घालू का विचारा, तरी हेच म्हणतील. कोणी विचारलं नाही. मग मी कोटाचं सांगितलं आणि मारिविककडे बघितलं.

मॅनेजरने तिला विचारलं, डॉक्टर छान रुळलेत, हो ना? तिने खाली बघितलं. मग मान वर करून अ‍ॅब्सोल्यूटली म्हणाली. मी शिकवलं होतं तसं, तिसऱ्या अक्षरावर जोर देऊन, जीव ओतून.

मीटिंग पाच मिनिटांत संपली. कार पार्कमध्ये ती माझ्यामागे धावत आली. तिचा व्हिसा त्याच मॅनेजरच्या पत्रावर आहे, मनिलाला दोन लेकरं आजीजवळ आहेत. हे सांगताना ती हुंदके देत होती, आणि मी काय करत होते सांगू? येस, येस, ऑफ कोर्स. मला तिचा संताप आला होता, तरी हेच तोंडातून निघालं. माझ्या ज्या होकाराने माझ्या माणसाला तिथे नेलं, तसाच होकार तिने दिला. मी कुठल्या तोंडाने तिला बोलू?

ताई


मिरज
१४ मार्च २०२४

ती. स्व. सौ. ताईस,
शि. सा. नमस्कार.

पोरीवर रागावू नकोस, पण हारही मानू नकोस. पुन्हा मीटिंग माग. मिहीरला सांग की मावशीने कान धरलाय. तोवर रोज पाचला जा आणि भाऊजींना विचारत राहा, म्हणजे घर आहे हे ते विसरणार नाहीत. मी देवाला साकडं घातलंय. कळव.

तुझी,
अरुणा


कॉव्हेंट्री
६ एप्रिल २०२४

चि. सौ. अरुणास,
आशीर्वाद.

नवी मीटिंग जूनमध्ये मिळाली. मिहीर येणार आहे, रजा टाकली म्हणतो. मारिविकने वही परत दिली. शेवटच्या पानावर तिने तिच्या भाषेत एकच शब्द लिहिलाय, 'हिंदी'. दचकू नकोस, त्यांच्यात नाहीला तसं म्हणतात. जूनमध्ये हे म्हणेन, असं मला हळूच सांगून गेली. म्हणेल की नाही, देव जाणे.

मी रोज जाते. परवा पाच वाजले, सव्वापाच झाले, यांनी खुंटीकडे हात केला नाही. मीच कोट काढून मांडीवर ठेवला. जेवण आलं, ते मुकाट्याने जेवले. मॅनेजर जाताजाता म्हणाली की आता अगदी रुळले.

काल मी त्यांचा हात बटणावर नेऊन ठेवला आणि विचारलं, घरी जायचं ना? दोनदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच काही म्हटलं नाही.

पत्र पाठवत राहा.

तुझी,
ताई