ताट काकीनं वाढायचं

आई, मी सांगलीला आलो आहे. माधवनगरच्या रस्त्याला एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली आहे, एकट्यानं राहायला. एक खिडकी, एक ओटा, दोन शेगड्यांचा गॅस. आज संध्याकाळी पहिल्यांदा स्वतःपुरता स्वयंपाक केला. भात, तुरीचं वरण आणि बटाट्याची भाजी. ताट वाढून समोर ठेवलं आहे आणि जेवायचं सोडून मी तुला लिहायला बसलो आहे. भूक लागली आहे, पण भीती तिच्याहून जास्त आहे.

कशाची भीती ते तुला सांगायला नको. पण आज दुपारी, उद्यापासून जिथं कामाला लागायचं आहे त्या दुकानाच्या मालकांना सांगावं लागलं आणि ते हसले, म्हणून एकदा नीट लिहून काढतो. शेंगदाणा पोटात गेला की माझा गळा आतून सुजतो आणि श्वास अडकतो. दुसऱ्या मुलखात हे सांगणं सोपं असेल. आपल्याकडं वांग्यात कूट, भेंडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, उपवासाला तर कूटच कूट, आणि घरात काहीच नसलं तर भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी. इथं माणूस देवाला नाही म्हणाला तरी खपतं, शेंगदाण्याला नाही म्हणाला की तो नाटकी ठरतो. मालक म्हणाले, "आरं, आमच्या वावरात भुईमूग हाय. घरचा शेंगदाणा, औषध न मारलेला. त्यानं कुनाला काय हुतंय व्हय?" मी म्हणालो, मला होतं. ते म्हणाले, "बरं बाबा, तू आपला चहा घे." चहाचा कप मी बराच वेळ हातात धरून बसलो. त्या कपाच्या बशीत आधी कुणी चिवडा खाल्ला असेल का, एवढंच डोक्यात होतं.

आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. खिडकीकडची फळी माझी. तिच्यावर माझं पातेलं, माझी पळी, माझा झारा, माझा तवा. त्यातलं काही चुकून दुसऱ्या फळीवर गेलं की तू ते राखेनं घासून दिवसभर उन्हात ठेवायचीस. सगळ्यांच्या भाजीत कूट, माझ्या भाजीत भाजलेले तीळ आणि सुकं खोबरं. मसाला कुटायला डंकावर आपला नंबर पहिला, कारण आधी कुणाची शेंगदाण्याची चटणी त्याच उखळात कुटली असेल तर? मला कडेवर घेऊन तू उभी आहेस आणि मशीन धुऊन पुसल्याशिवाय मिरची ओतू देत नाहीस. डंकवाला वैतागतो. म्हणतो, "वहिनी, पोरगं हाय का विलायतेचा पाव्हना?" तू म्हणतेस, "पोरगंच हाय. एकच हाय. पुसा." दादा तेव्हा पलटणीत होते, सुट्टीवर आले की बापाच्या अधिकारानं म्हणायचे, मिलिट्रीत असली थेरं चालत नाहीत. तू त्यांचं ताट वाढायचीस, मग हात धुवायचीस, मग माझं ताट वाढायचीस.

काकीला हे सगळं खोटं वाटायचं. ती थोरली जाऊ, घरातलं चूल-भांडं तिच्या ताब्यात, आणि तू तिच्या स्वयंपाकघरात भिंत घातल्यासारखं केलं होतंस. तू माहेरी वाईला गेली होतीस त्या दिवशी तिनं माझ्या आमटीत चिमूटभर कूट घातलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. थोडं थोडं खाऊ घातलं की पोराला सवय होते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मला आधी ओठांना मुंग्या आल्याचं आठवतं. मग काकाच्या मोटारसायकलवर मी मध्ये, मागं काकी, आणि तिचं एकच चाललेलं, "श्वास घे रं लेका, श्वास घे." रस्ता संपत नाही. माझ्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो आणि तो आवाज माझा आहे हे मला कळत नाही.

तू साताऱ्याच्या दवाखान्यात एसटीतून उतरून थेट आलीस. हातात पिशवी तशीच. मी जागा होतो. काकी भिंतीला टेकून पदर तोंडात धरून उभी होती. आता तू तिला बोलशील, शिव्या देशील, आपण वेगळं राहू म्हणशील, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होतो. तू माझ्या कपाळाला हात लावलास, पिशवी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "आक्का, उद्यापास्नं ह्याचं ताट तुमी वाढायचं. रांधायचं बी तुमीच."

काकी म्हणाली, "माझ्याच्यानं न्हाई हुयाचं."

"हुतंय."

"अगं, पोराला काय झालं तर?"

"म्हनूनच म्हनते."

मला वाटलं, तू मला टाकलंस. घरी आल्यावर पहिल्या दिवशी काकीनं वरण वाढलं तेव्हा निम्मं वाटीबाहेर सांडलं. तू दारात बसून मेथी निवडत होतीस. मी घास न घेता तुझ्याकडं बघत राहिलो. तू मान वर न करता म्हणालीस, "माझ्याकडं काय बगतोस? ताटाकडं बग." तुझं एवढं कडक बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी जेवलो. काही झालं नाही. पण कितीतरी दिवस प्रत्येक घासाला मी आधी घसा आवळून बघायचो, अजून चालतो का ते.

नंतर तू आजारी पडलीस, आणि गेलीस. ती पुढची सगळी वर्षं मी काकीच्या हातचं खाल्लं. तिच्याकडून एकदाही चूक झाली नाही. लग्नाला, जत्रेला, मयताला, कुठंही गेलं तरी तिच्या पिशवीत माझा डबा असायचा. मी मात्र तिच्या पदरापलीकडं कधी गेलो नाही. बारावीनंतर कराडला पॉलिटेक्निकला नंबर लागला होता. होस्टेलच्या मेसमधलं आमटीचं पातेलं बघितलं, त्यातच बुडवून ठेवलेली सगळ्या भाज्यांची एकच पळी बघितली, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. शिक्षण तिथंच थांबलं. मग साताऱ्यात कॉम्प्युटरवर फ्लेक्स बनवायला शिकलो. लोकांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, दुःखद निधन, दुकानाचं उद्घाटन. माझी ऱ्हस्व-दीर्घाची चूक होत नाही म्हणून सांगलीच्या या दुकानानं बोलावलं. मी नाहीच म्हणणार होतो. काकी म्हणाली, "जा. पन आदी शिक."

शिकवताना तिनं आधी चूल दाखवलीच नाही, किराणा दुकानात नेलं. सुटं पीठ घ्यायचं नाही, सुटी डाळ घ्यायची नाही, मसाला घरचाच न्यायचा. तेलाच्या डब्यावरचं बारीक अक्षर मी वाचायचं आणि झाकण उघडलं की वास तिनं घ्यायचा. मग घरी येऊन भात. पाणी बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत, असं ती म्हणाली. मी विचारलं, कुठल्या बोटाच्या? "तुज्याच बोटाच्या, शेजाऱ्याच्या न्हवं." मी मीठ चमच्यात घेऊन वरून सुरीनं सपाट करायचो. ती बघत राहायची. "सोनार हाईस का रं? घाल की." फोडणीत मोहरी तडतडली की मी मागं सरकायचो. "पळू नगंस. मोहरी खात न्हाई तुला." कुकरची शिट्टी होताना मी अंगणात जायचो, तर ती मला हाताला धरून आत आणायची आणि शेगडीसमोर उभं करायची. हळूहळू वरण जमलं. बटाटा जमला. भाकरी जमली नाही. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, भात खा. भात खाऊन कोन मरत न्हाई."

आणि मग तो दिवस. मी मटकीची उसळ करत होतो. मटकी उकडली, निथळायला झारा घेतला, निथळली, फोडणीत टाकली. काकी भाजी चिरत होती. तिनं वर बघितलं आणि उठली. माझ्या हातातला झारा दुसऱ्या फळीवरचा होता. मी बोलत बोलत हात लांब केला होता आणि हाताला लागला तो घेतला होता. मी, ज्यानं दुसऱ्याच्या पळीला घाबरून कॉलेज सोडलं. तिनं कढई उचलली, मागं गोठ्यात नेऊन म्हशीपुढं रिकामी केली आणि परत आली. रागावली नाही. कढई राखेनं घासून उन्हात ठेवली. मी खाली बसलो. म्हणालो, मी जात नाही सांगलीला. तिथं माझ्या हाताकडं कोण बघणार?

ती माझ्यासमोर बसली. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "तुज्या आईनं मला माफ केलं न्हाई बरं का. लोकं म्हनत्यात लय मोठ्या मनाची हुती. तसलं काय न्हाई. नंतर कवातरी म्या तिला इचारलं, माझ्याच हातात का दिलंस पोरगं? तर म्हनली, आक्का, ह्या घरात माझ्याएवढं भ्यालेलं आता दुसरं मानूस तुमीच हाय. बाकीच्यांना अजून खोटंच वाटतंय." काकीनं झारा माझ्या हातातून काढून घेतला. "तिनं तिचं भ्या माझ्या गळ्यात घातलं, आन ती गेली. म्या एवढी वरसं वागवलं. आज तू तुज्याच हाताला भ्यालास. आता तू जा." मग उठून तिनं मटकी पुन्हा भिजत घातली. "तू गेलास की म्या वाडगाभर कूट घालून वांगं करनार हाय, एकाच पातेल्यात. सांगून ठेवते." मला हसू आलं नाही, पण ती हसली.

इथवर लिहिलं आणि तिचाच फोन आला.

"जेवलास?"

मी हो म्हणालो.

"काय केलंतंस?"

"वरण-भात. बटाटा."

"मीठ कसं झालंय?"

मी चाखलंच नव्हतं.

"सांगलीला जाऊन खोटं बोलाय शिकलास व्हय. दाराची कडी काढ आदी. जेवताना कडी लावून बसायचं न्हाई, कुनालाबी आत येता आलं पायजे. दम अडकला तर टोचायच्या इंजेक्शनाची डबी ताटाजवळ घे. घेतलीस? आता फोन ठिवू नगंस. जेव."

मी कडी काढली. डबी ताटाजवळ ठेवली, शेजारी फोन ठेवला. वरण गार झालं होतं. भात कालवला आणि घास हातात धरून बसलो. किराणा दुकानापासूनचं सगळं एकदा आठवून बघितलं. डाळ बंद पाकिटातली, तेल वाचून घेतलेलं, पातेलं नवं, पळी नवी, हात धुतलेले. मग घास घेतला. फोनमधून तिच्या भांड्यांचा आवाज येत होता, ती तिचं काम करत होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "हाय का?" मी म्हणालो, आहे. पुन्हा भांड्यांचा आवाज. पुन्हा, "हाय का?" "आहे. मीठ कमी आहे." "घे मग वरनं," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

ताट रिकामं झालं आहे. घशाला काही झालेलं नाही, पण मी लक्ष ठेवून आहे. उद्या डबा घेऊन कामावर जायचं आहे. कुणी त्यांच्यातलं पुढं केलं तर नाही म्हणायचं आहे, कुणी हसलं तरी नाही म्हणायचं आहे, आणि संध्याकाळी परत येऊन हेच सगळं करायचं आहे. रोज.

हा कागद मी घरी नेणार नाही. काकीला वाचता येतं. आई, तुझ्या हातची चव मला आता आठवत नाही. सांगलीत पहिला घास घेताना तुझी आठवण काढायची, असं येताना एसटीत मी ठरवलं होतं. पण घास घेतला तेव्हा मला तिचीच आठवण आली.