आप्प्यांवर बसलेलं इंजिन

आष्टा,
रविवार, सकाळी बस्तीत भगवंताचं दर्शन घेऊन आल्यावर

तीर्थरूप मामा (लग्न झाल्यापासून सासरेही, पण जुनं नातं आधी) यांच्या चरणी भाचा आणि जावई अशा दोन्ही नात्यांनी भरतेशचा शिरसाष्टांग नमस्कार व जय जिनेंद्र.

इकडे सर्व क्षेम. तुमचा गुडघा कसा आहे? शाळेचा जिना चढताना तो वाजतो असं चंदना म्हणाली. त्यावर एरंडेल चोळावं, असं आप्पांचं मत आहे (आप्पांचं सगळ्याच वाजणाऱ्या गोष्टींवर हेच मत आहे). मामींना सांगा, डिंकाचे लाडू पोचले आणि संपलेही. बाळंतिणीबरोबर तिच्या नवऱ्याचीही झीज होते हे ओळखणारी सासू नशिबानेच मिळते. चंदनाची तब्येत ठीक असेल. ब्राह्मीला रोज फोटोत बघतो. परवा तिच्या जांभईचा व्हिडिओ आला, तो आप्पांनी इतक्या वेळा पाहिला की शेवटी त्यांनाच झोप लागली.

आता तुम्ही म्हणाल, घरोघरी फोन असताना हा पत्र कशाला लिहितोय. मामा, फोनवर मी गाडीचा ग काढला की तुमच्याकडची रेंज जाते. बाकी विषयांना छान असते. तेव्हा म्हटलं, कागदाला रेंज लागत नाही, आणि कितीही राग आला तरी मास्तर माणूस कागद वाचल्याशिवाय टाकत नाही.

विषय अर्थातच थोरलीचा. ब्राह्मीला हे पत्र कधी वाचून दाखवाल म्हणून लिहून ठेवतो: थोरली म्हणजे आप्पांची ती पांढरी, गोल दिव्यांची जुनी गाडी. ती माझ्याही आधी घरात आली म्हणून थोरली. आई सासरी आली ती हिच्यातून, मी जन्मल्यावर साताऱ्याहून आष्ट्याला आलो तोही हिच्यातून, आणि घरातलं पहिलं नातवंडही हिच्यातूनच येणार हे आप्पांनी डोहाळजेवणालाच ठरवून टाकलं. तुमचं तिच्याशी का बिनसलं तेही सगळ्या भावकीला पाठ आहे. तुमच्या लग्नात वरातीच्या ऐन वेळी ती बंद पडली आणि नवरदेवाने, बाशिंग बांधलेल्या डोक्याने, तिला मांडवापर्यंत ढकलली. त्या वेळी मी दोन वर्षांचा होतो आणि आत बसून टाळ्या वाजवत होतो म्हणे. त्याबद्दल आज उशिरा का होईना, दिलगीर आहे.

म्हणून बारशाच्या दिवशी तुम्ही आप्पांना म्हणालात, “दाजी, लेक न्या, नात न्या, पण त्या खटाऱ्यातनं न्हाई. भरलेली दुधाची वाटी मागल्या सीटवर ठेवा, आष्ट्यापासनं कऱ्हाडपर्यंत एक थेंब न सांडता आणून दाखवा, मग बोलू.” तुम्ही विज्ञानाचे शिक्षक, तुम्हाला प्रयोगाशिवाय बोलता येत नाही, हे मी समजू शकतो. पण आप्पांनी ते हसण्यावारी नेलं नाही. घरी आल्या आल्या त्यांनी थोरलीच्या सीटा काढून शिवायला दिल्या. मामा, आप्पा बोलत नाहीत तेव्हा मला काळजी वाटते. घर रिकामं आहे, चंदना नाही, बाळ नाही, आणि हा माणूस संध्याकाळी अंगणात त्या गाडीला फडकं मारत बसतो. ते मला बघवेना, म्हणून मी या भानगडीत पडलो.

थोरलीचं मूळ इंजिन म्हातारपणाने गेलं होतं. सांगलीच्या भंगारबाजारात, मागून चेंबलेल्या एका व्हॅनचं चांगलं इंजिन मिळालं (आरटीओत रीतसर नोंद केली आहे, नातीला बेकायदा आणणार नाही). पण दुसऱ्याचं इंजिन आपल्या गाडीत बसवणं म्हणजे सोयरीकच. त्याचे पाय एकीकडे आणि आपल्या गाडीतल्या बैठका दुसरीकडे, मध्ये चार चार बोटांचं अंतर. ते जुळवायला जे करावं लागतं त्याला गॅरेजवाले फौंडेशन म्हणतात. म्हणजे लोखंडी कोयंडा आणि त्यात रबर, असे तीन पाय. इंजिन थरथरतं ते रबर सोसतं आणि आत बसलेल्यांपर्यंत येऊ देत नाही. (हे वाचून आई म्हणाली, “म्हंजे घरातल्या सुनंसारखं.” हे वाक्य चंदनाला दाखवू नये.) बाजारात अशा जोडीचं फौंडेशन मिळत नाही, कारण अशी जोडी कुणी लावत नाही. माझा डिप्लोमा सिव्हिलचा, त्यामुळे फौंडेशन हा शब्द ऐकून मला उगीचच धीर आला आणि घरीच करायचं ठरलं.

इंजिन गोठ्याच्या आढ्याला साखळीने टांगलं. शेजारच्या दावणीतल्या म्हशीने त्या दिवसापासून पान्हा चोरला. डोक्याशेजारी इंजिन लोंबतंय म्हटल्यावर कुणीही चोरेल. ब्राह्मीच्या पाळण्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मापं काढली आणि बाळासोकडे गेलो. बाळासो म्हणजे आमचा गल्लीतला वेल्डिंगवाला. माणूस लय चांगला, पण आयुष्यभर फाटकं केलेली. त्याने तिन्ही पाय झकास केले आणि हाताच्या सवयीने प्रत्येकाला वर भाल्याची टोकं लावली. ती कापायला सांगितल्यावर त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, “भरतेश, शोभा गेली बग.” शिवाय त्याच्या मते रबराची काही गरज नव्हती, लोखंडाला लोखंड जोडलं की जन्मात हलत नाही. ते खरंच होतं. इंजिन हललं नाही, त्याच्याऐवजी गाडी हलली. हॉर्न आपोआप वाजू लागला, आरशात एकाच्या जागी तीन तीन ट्रक दिसू लागले, आणि वेशीपर्यंत जाऊन येईस्तोवर आप्पांची टोपी डोळ्यांवर येऊन बसली. खाली उतरून ते एवढंच म्हणाले, “दूध न्हाई, लोणी निघंल.”

मग मी मोबाइलवर बघून रबर घरी ओतायचं ठरवलं. दोन डब्यांत दोन पातळ पदार्थ येतात, ते एकत्र केले की पाकासारखे दिसतात आणि दिवसभराने घट्ट रबर होतं. प्रश्न साच्याचा होता. इंजिनाखाली एक आणि वर एक अशा अर्धगोल गाद्या, तीन पायांच्या मिळून सहा. मी घरभर हिंडलो आणि स्वयंपाकघरात मला तो साचा सापडला: आईचं बिडाचं आप्पेपात्र, सात खळग्यांचं. (तुमच्याच घरून रुखवतात आलेलं. म्हणजे या प्रकल्पात साताऱ्याचाही वाटा आहे, हे लक्षात असू द्या.) आई शेतात गेलेली बघून मी त्याला तेलाचं बोट फिरवलं, ओतलं, आणि खिडकीशी कट्ट्यावर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सात आप्पे असे देखणे सोनेरी झाले होते की माझं मलाच कौतुक वाटलं.

पुढचं सांगताना हसू नये, पण आवरत नाही. तुम्हाला माहीतच आहे, आमच्याकडे दिवस मावळायच्या आत ताटं उचलली जातात, आणि आप्पांची नि सूर्याची ही रोजची शर्यत असते. त्या दिवशी शेताला पाणी पाजायला उशीर झाला. आप्पा धावत आले, आई परसात होती, बाहेर ऊन कलत चाललेलं, आणि कट्ट्यावर आप्पे. त्यांनी उभ्या उभ्याच एक उचलला, चटणीत बुडवला आणि तोंडात घातला. आधी डावीकडून चावला, मग उजवीकडून. तो काही तुटेना, आणि तेवढ्यात दिवस मावळला. आता पंचाईत बघा. मावळतीनंतर गिळायचं नाही हे व्रत, आणि तोंडातलं अन्न टाकायचं नाही हा घरचा शिरस्ता. आप्पा गाल फुगवून, भिंतीकडे तोंड करून पाटावर बसून राहिले. मी आलो तेव्हा मला वाटलं, रुसलेत. शेवटी आई आली, तिने पात्रातला रिकामा खळगा बघितला आणि म्हणाली, “आवं, थुका ते. गाडीचं हाय.” अन्न नव्हतं, त्यामुळे काहीच मोडलं नाही, हे कळल्यावर आप्पांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी विसरणार नाही. त्यांनी तो आप्पा धुऊन हातात घेतला, त्यावर उमटलेले दात निरखले आणि म्हणाले, “माझ्या कवळीला दाद दिली न्हाई. टिकंल ह्ये.” आईने मात्र ते पात्र कायमचं गोठ्यात पाठवलं आणि चार दिवस माझ्याशी म्हशीमार्फत बोलत होती.

सहा आप्पे बसले, गाडी सुरू झाली, आणि कसलाच हादरा नाही. प्रयोगासाठी वाटी भरून मागच्या सीटवर ठेवली. शिवाय नातीच्या वजनाचा एक भोपळा, दुपट्यात गुंडाळून, वर कुंची घालून, आईच्या मांडीवर. (ही आईची कल्पना. वाटीला मान नसते, बाळाला असते, असं ती म्हणाली. भोपळ्याला तरी कुठे असते, हे मी विचारलं नाही.) आप्पा चालवायला, मी शेजारी. इस्लामपुरात आईच्या ओळखीच्या मनुबाई रस्त्यात भेटल्या. गाडी थांबवली, तर त्यांनी खिडकीतून डोकं घातलं, कुंचीकडे बघून कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाल्या, “अगं बाई प्रभावती, नाकीडोळी डिक्टो आज्जीवर, तुझ्यावर गेलीया.” आई पेठ नाक्यापर्यंत पुढच्या आरशात स्वतःचं नाक निरखत होती. आणि मनुबाई गेल्यावर आप्पांनी चालू इंजिनाची किल्ली पुन्हा फिरवली. असा काही खर्रर्र आवाज झाला की भोपळासुद्धा दचकला असेल. ते म्हणाले, “बंद पडली वाटलं.” इतकी वर्षं गाडी चालू आहे हे त्यांना बुडाखालच्या हादऱ्यावरून कळायचं, आता कळायला मार्गच उरला नाही. कऱ्हाडपर्यंत त्यांनी हे तीनदा केलं.

कऱ्हाडला थांबून वाटी बघितली. काठोकाठ. एक थेंब सांडलेला नव्हता. आप्पा वाटीकडे बघत राहिले, मग मान फिरवून त्यांनी उपरण्याने चष्मा पुसला.

परतताना आई आपणहून बोलू लागली. म्हणाली, “तुझ्या मामाचं गाडीशी वैर न्हाई रे. माझ्या पाठवणीच्या दिवशी सायकल घेऊन गाडीमागं नाक्यापातूर आला हुता. मी मागल्या काचेतनं बघत हुते. त्येला वाटत हुतं, एकदा तरी बंद पडावी. तवा पडली न्हाई, आन् त्याच्या लग्नात पडली. म्हणून राग हाय.” मामा, मला हे माहीत नव्हतं. मला बाशिंगाचीच गोष्ट माहीत होती. आधी बहीण नेली, आता लेक आणि नात न्यायला तीच गाडी दारात. तुमच्या जागी मी असतो तर वाटीऐवजी घागर ठेवायला सांगितली असती.

ब्राह्मीची मला फार आठवण येते, एवढंच लिहून थांबतो. मामींना नमस्कार. चंदनाला काय सांगायचं ते चंदनाला ठाऊक आहे.

आपला आज्ञाधारक (गाडीचा विषय सोडून),
भरतेश

ता. क. भोपळ्याचे घारगे करायचे ठरले होते, पण आईला तो चिरवेना. सध्या पाळण्यात आहे. पाळणा कसा जोडायचा त्याचं चित्र त्या कापलेल्या पुठ्ठ्यावर होतं, त्यामुळे तो अंदाजाने जोडलाय. भोपळ्याची अजून काही तक्रार नाही.

आणखी ता. क. पत्रासोबत सातवा आप्पा पाठवला आहे. दाबून, वाकवून, हवी ती निरीक्षणं घ्या. खाऊ नये. दातांचे ठसे असलेला आप्पा गाडीतच आहे, डाव्या अंगाच्या पुढच्या पायाला.

आणखी एक ता. क. तुमच्याशी खोटं बोलवत नाही. घरी आल्यावर वाटीतलं दूध प्यायला मी ती तोंडाशी कलती केली, तर ते येईना. आईने पहाटेच त्यात विरजण लावलं होतं. विचारलं तर म्हणते, “परीक्षंला जाताना दही देत्यात. मी गाडीला दिलं.” बहीण तुमचीच आहे, मी काय बोलू. नंतर मी एकटाच खऱ्या दुधाची वाटी घेऊन पेठ नाक्यापर्यंत जाऊन आलो. थोडं सांडलं, पण ते गतिरोधकावर. इंजिनाने सांडवलं नाही, शपथेवर सांगतो.

शेवटचं. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे मामींनी ते हातात दिलं तेव्हाच तुमच्या लक्षात आलं असेल. आप्पा आणि आई घेऊन आलेत. मी आलो नाही, कारण मागे चंदना, ब्राह्मी आणि आई बसल्यावर पुढे एकच जागा उरते, डाव्या अंगाची, दातवाल्या आप्प्यावरची, आणि ती तुमची आहे. या खेपेला गाडीमागे सायकलने यायचं नाही, आत बसून यायचं, आणि महिनाभर राहायचं. शाळेला सुट्टी लागली आहे, मी चौकशी केली आहे. गाडी तुमच्या दारातच उभी आहे, इंजिन चालू आहे, आणि तुम्हाला इतका वेळ पत्ता लागला नाही. तेव्हा चष्मा पुसत न बसता लवकर बाहेर जा, नाहीतर आप्पांना वाटेल बंद पडली आणि ते पुन्हा किल्ली फिरवतील.